सुटलेली पुस्तके, सोडलेली पुस्तके

१

महाविद्यालयात इतिहास शिकवण्याचे माझे काम संपून बरीच वर्षे झाली. तरी आठवड्यातून एकदा मी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात जाऊन बसतो. समाजमंदिराच्या एका खोलीत चार कपाटे, एक लांब टेबल आणि देवघेवीची वही, एवढाच त्याचा संसार. मागच्या पावसाळ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी मराठीतली एक गाजलेली ग्रामीण कादंबरी परत करायला आली. खूण म्हणून तिने एस.टी.चे तिकीट घातले होते. ते चाळिसाव्या पानात होते. माझे लक्ष गेलेले पाहून तिने ते घाईघाईने काढले आणि मुठीत धरले. मी सहज विचारले, “कशी वाटली?” तिची मान खाली गेली.

“सर, पूर्ण नाही झाली माझ्याच्यानं.”

चोरी सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. हा चेहरा मी ओळखतो, कारण तरुणपणी तो माझाही होता. हातात घेतलेले पुस्तक शेवटच्या पानापर्यंत गेले नाही तर आपल्यातच काही कमी आहे, आपली जात पुन्हा आडवी आली, वाचणे हे आपले कामच नव्हे असे गाव म्हणत होते ते खरे ठरले, असे आमच्या पिढीच्या मुलांना वाटत असे. सुखवस्तू घरातला मुलगा कंटाळा आला म्हणून पुस्तक बाजूला टाकतो आणि दुसरे उचलतो. त्याच्या आजोबांच्या कपाटात आणखी शंभर पुस्तके असतात. आमच्या मुलीला मात्र चाळिसाव्या पानावर थांबल्याची शरम वाटते. ही शरम आली कोठून, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. तो मनाचा प्रश्न नाही, इतिहासाचा आहे. म्हणून त्याचा विचार इतिहासाच्या अंगाने करायला हवा.

मराठीत दोन क्रियापदे आहेत. पुस्तक ‘सुटते’ आणि पुस्तक ‘सोडले’ जाते. सुटणे आपल्या हातात नसते, सोडणे असते. आपल्या समाजाच्या वाचनाचा इतिहास लिहायचा झाला तर तो या दोन क्रियापदांमधून लिहावा लागेल. आमची फार मोठी चूक ही झाली की सुटलेल्या पुस्तकांचा दोष आम्ही स्वतःकडे घेतला, आणि पुस्तक सोडण्याचा हक्क आम्ही कधी मागितलाच नाही.

२

हातातले पुस्तक पुरे केलेच पाहिजे हा दंडक पुस्तकाचा नाही, पोथीचा आहे. पोथीचे पारायण असते. ते ठरलेल्या दिवसांत संपवायचे असते. अर्ध्यावर ठेवले तर दोष लागतो, अशी समजूत असते. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते आणि शेवटपर्यंत वाचणाऱ्याला धनधान्य, संतती, मोक्ष यांची हमी मिळते. पोथीशी वाद घालायचा नसतो. एखाद्या अध्यायाशी आपण सहमत नाही म्हणून पोथी मिटली, असे कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पोथी वाचणारा कर्ता नसतो, तो फक्त वाहक असतो.

या पोथीला हात लावण्याचा अधिकार आमच्या पूर्वजांना नव्हता. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तप्त धातू आणि लाख ओतण्याची शिक्षा गौतम धर्मसूत्रात सांगितली आहे. ही झाली ऐकण्याची शिक्षा, मग वाचण्याची गोष्ट कशाला? जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली अवघ्या चौदा वर्षांची मुक्ता १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमच्याजवळ धर्मपुस्तक नाही हे उघडच झाले, मग आम्ही धर्मरहित ठरलो की नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. वाचायला शिकून तीन वर्षे झालेल्या मुलीने केलेला हा युक्तिवाद आहे हे लक्षात घ्यावे. आपल्याला नाकारलेले पुस्तक पुढे कधीतरी मिळावे, अशी विनवणी ती करीत नाही. तुमचे पुस्तक तुम्हाला, एवढेच ती म्हणते.

पण मुक्ताची ही वाट आमच्यापर्यंत पोहोचली नाही. आमच्यापर्यंत पोहोचली ती पोथीची शिस्त. श्रावणात देवळात पोथी लागे तेव्हा माझी आजी बाहेर, पारापासून दूर बसून ती ऐकत असे. पोथी मधूनच सोडून उठू नये हे तिने तेथेच ऐकले आणि मी शाळेत जाऊ लागल्यावर ते मला सांगितले. ज्या घराला पोथीचा स्पर्श नव्हता त्या घरात पोथीचा नियम मात्र आला. शाळेच्या पुस्तकालाही आजी नमस्कार करायला लावी. त्यात तिची ज्ञानाविषयीची ओढ होती आणि ती ओढ मी आजही मानतो. पण नमस्कार केलेल्या वस्तूला प्रश्न विचारता येत नाही आणि ती खालीही ठेवता येत नाही. आमच्या शरमेचे मूळ मला येथे दिसते.

३

आता सुटलेल्या पुस्तकांकडे वळू. त्यांची यादी फार लांब आहे.

जोतीरावांची शाळाच पहिल्यांदा सुटली. मुलगा शिकला तर शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे एका कारकुनाने सांगितले आणि गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ च्या सुमाराला जोतीराव पुन्हा शाळेत गेले. या दोघांनी शब्द टाकला नसता तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. हंटर आयोगापुढे १८८२ साली निवेदन देताना किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी जोतीरावांनी केली. मध्येच शाळा सुटणे म्हणजे काय याचा स्वतःचा अनुभव त्या मागणीमागे होता, असे मला वाटते.

बाबासाहेबांच्या बाबतीत तर हे पुन्हापुन्हा घडले. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा असताना त्यांना फारशी घ्यावी लागली. ते पुस्तक पहिल्या पानाआधीच काढून घेतले गेले. (पुढे ते संस्कृत स्वतःच्या हिमतीवर शिकले. त्याच संस्कृतच्या प्राध्यापक झालेल्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आले, ही या गोष्टीची पुढची पायरी.) बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले, १९१६ मध्ये लंडनला आले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परतले. पोट मारून जमवलेली पुस्तके ज्या बोटीने पाठवली होती ती महायुद्धात पाणतीराने बुडाली. पुस्तकांची भरपाई देता येते, ती वाचताना मनात झालेल्या जुळणीची देता येत नाही. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते परत गेले आणि जेथे थांबले होते तेथून सुरुवात करून १९२३ पर्यंत सारे पुरे केले. बाबासाहेबांच्या वाचनाची गोष्ट आपण अखंड तपश्चर्या म्हणून सांगतो. ती अखंड नव्हती. ती तोडली गेली आणि त्यांनी ती पुन्हा जोडली. आपल्या मुलांना सांगायची गोष्ट ही आहे.

अण्णा भाऊ साठे वाटेगावच्या शाळेत दीड दिवस टिकले. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती हे त्यांचे पहिले पुस्तक झाले. त्यांनी १९५९ साली ‘फकिरा’ दिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

ही मोठी माणसे झाली. ज्यांची नावे राहिली नाहीत त्यांचे काय? १९६१ च्या जनगणनेत अनुसूचित जातींमधल्या साक्षरांचे प्रमाण १०.२७ टक्के होते. मी तेव्हा नुकताच शाळेत जाऊ लागलो होतो. म्हणजे शंभरातल्या नव्वदांच्या हातात पुस्तक आलेच नव्हते. उरलेल्या दहांतही रॉकेल संपले, गुरे राखायची पाळी आली, बहिणीचे लग्न निघाले, अशा कारणांनी किती जणांची पुस्तके किती पानांवर सुटली याची मोजणी कोणत्याही जनगणनेत नाही.

मराठवाड्यातल्या ज्या वसतिगृहात मी राहिलो तेथे एक पुस्तक चौघांत फिरे. पाळी दोन रात्रींची. पाळी संपली की पुस्तक पुढच्याच्या हातात, मग तुमचे पान कोणतेही असो. धनंजय कीरांचे बाबासाहेबांचे चरित्र मी असेच वाचले. आमच्या प्रतीचा शेवटचा फर्मा निखळून गेला होता. नागपूरची दीक्षा आम्हाला वडीलधाऱ्यांच्या तोंडून ठाऊक होती. पण पुस्तकातले माझे बाबासाहेब कित्येक वर्षे १९५६ च्या अलीकडेच उभे होते. माझ्या खोलीतला एक मित्र फार वाचणारा होता. १९७२ च्या दुष्काळात त्याला घरून निरोप आला. जाताना त्याने आपल्या पाळीचे पुस्तक माझ्या हातात दिले, पानाचा कोपरा दुमडलेला होता. “खडी फोडायचं काम संपलं की येतो, तोवर हा कोपरा सरळ करू नको,” असे तो म्हणाला. तो परत आला नाही. पुढे १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. पंचनाम्यात भांडीकुंडी आणि कपडेलत्ते लिहितात. अर्ध्यावर आलेले पुस्तक कोण लिहिणार?

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, सुटलेल्या पुस्तकाची शरम वाचणाऱ्याने बाळगण्याचे कारण नाही. ती शरम ज्या व्यवस्थेने ते हातातून काढून घेतले तिच्या वाट्याची आहे. आणि ही गोष्ट जुनी झाली असेही नाही. २०११ च्या जनगणनेत तो साक्षरतेचा आकडा ६६.०७ टक्क्यांपर्यंत आला खरा. पण बाबासाहेबांच्या लेखनाच्या सरकारी खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ साली आपण होऊन घ्यावी लागली. वाचणारे वाढले आणि पुस्तक मात्र हाती येईना, असा तो प्रकार होता.

४

आता दुसरे क्रियापद, सोडणे.

१८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना निमंत्रण पाठवले. जोतीरावांनी नकार दिला आणि तो पत्राने कळवला. सर्व माणसांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या मनात नाही, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. दलित साहित्याच्या चर्चेत ‘नकार’ हा शब्द आपण फार वापरला. त्या नकाराचे एक मूळ या पत्रात आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जोतीरावांनी त्या मंडळींची पुस्तके न वाचता नकार दिलेला नाही. ‘गुलामगिरी’ १८७३ सालची आहे. पुराणातल्या एकेका अवताराची कथा घेऊन तिची उलटतपासणी करणारा हा माणूस त्या ग्रंथांच्या आतबाहेर फिरून आलेला होता. त्याचा नकार हा निकाल होता, आळस नव्हता.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. न वाचता जाळली, हा आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो. वस्तुस्थिती उलट आहे. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली आणि त्यानंतरही ती वाचत राहिले. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा १९४६ चा ग्रंथ असो की ‘अस्पृश्य’ हा १९४८ चा ग्रंथ असो, मनूचे श्लोक ते पुन्हापुन्हा पुराव्यासाठी काढतात. पुस्तकाची सत्ता नाकारणे ही एक गोष्ट आणि त्याचे वाचन टाळणे ही दुसरी. त्यांनी पहिली केली, दुसरी केली नाही. पोथीवाला नेमके उलटे करतो. तो सत्ता मान्य करतो आणि अर्थ वाचत नाही.

बुद्धाचा तराफ्याचा दृष्टान्त मज्झिम निकायात आहे. नदी ओलांडण्यासाठी माणसाने तराफा बांधला, तो पैलतीराला लागला. आता उपकार झाले म्हणून तराफा डोक्यावर घेऊन त्याने चालत राहावे काय? तराफा काठावर ठेवून पुढे जाणे हेच शहाणपण. धम्माविषयी ही गोष्ट सांगितली आहे, तर पुस्तकाविषयी ती किती जास्त लागू होईल! पण त्यात एक अट आहे. तराफा काठाला सोडायचा असतो, मधल्या धारेत नव्हे. आपला काठ आला की नाही हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे पाहावे. कधी तो शेवटच्या पानावर येतो, कधी चाळिसाव्या.

५

पुस्तक सोडण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याला मी सोडणे म्हणायला तयार नाही. ते पळणे आहे.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाची प्रत मंडळींनी वाचली. जातीची चिकित्सा त्यांना चालत होती. पण चिकित्सेअंती धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावर घाव येतो आणि हिंदू म्हणून हे माझे शेवटचे भाषण असे वक्ता सूचित करतो, तेथे ती अडखळली. तेवढा भाग वगळा असा आग्रह झाला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. मंडळींना पुस्तक हवे होते, त्याचा शेवट नको होता.

पन्नास वर्षांनी तेच झाले. बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली काढायला सुरुवात केली. १९८७ साली चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’ आला. राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला आणि ती पाने काढा अशी मागणी झाली. १९८८ च्या आरंभी मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. पाने राहिली. या मताशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप मात्र आली. त्या वादात तावातावाने बोलणाऱ्या किती जणांनी ते पुस्तक उघडून पाहिले होते? महाडला वाचून जाळले, येथे न वाचता जाळायला निघाले. हा फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगितला पाहिजे.

लहान प्रमाणावर हे मी रोजच्या जगण्यात पाहिले. ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा मी नव्याने नोकरीला लागलो होतो. प्राध्यापकांच्या खोलीत एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “वाचवत नाही हो. वीस पानं वाचली आणि ठेवून दिलं. त्रास होतो.” ते मनाने वाईट नव्हते. पण ज्या जगण्याची वीस पाने त्यांना सोसवली नाहीत, त्या जगण्याची आमची सबंध आयुष्ये गेली होती. आम्हाला ते पुस्तक मिटण्याची सोय नव्हती. याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. १९७२ च्या ‘गोलपिठ्या’ला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. कवितांतले कितीतरी शब्द त्यांना परके होते. ते त्यांनी नामदेव ढसाळांना विचारून घेतले, ती वस्ती त्यांच्यासोबत पाहिली. न कळणाऱ्या पानावर थांबून विचारणारा वाचक असा असतो.

६

हे सगळे दुसऱ्यांविषयी लिहिणे सोपे आहे. आता स्वतःविषयी.

१९८३ च्या आंबेडकर जयंतीला एका गिरणगावातल्या चाळीत माझे भाषण होते. विषय ‘शूद्र पूर्वी कोण होते?’. मी त्या ग्रंथाची प्रस्तावना आणि पहिली दोन प्रकरणे वाचली होती. पुढची ऋग्वेद-महाभारताची चर्चा मला झेपली नव्हती. तरी मी पाऊण तास बोललो, टाळ्याही मिळाल्या. शेवटी मागच्या बाजूने एक म्हातारे गिरणी कामगार उठले. “मास्तर, सगळं ब्येस बोललात. पन मग शेवटाला काय ठरलं? शूद्र कोन निघालं?” मला उत्तर देता आले नाही. मी क्रांतीविषयी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “क्षत्रिय निघालं न्हवं? मुंज बंद क्येली आन् खाली ढकललं. नात वाचून दावती मला रातच्याला.” त्यांना अक्षरओळख नव्हती. पुस्तक त्यांनी ऐकून पुरे केले होते, मी वाचून अर्धे टाकले होते. पुस्तक अर्धे टाकल्याचा दोष मी आजही मोठा मानत नाही. पुरे वाचल्याचा आव आणला हा माझा अपराध. आपल्या चळवळीत हा अपराध आता इतका रुळला आहे की तो करणाऱ्याला घामही फुटत नाही.

दुसरी कबुली याहून अवघड आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. घरच्यांपासून लपवून लिहिलेले आणि कित्येक वर्षे लपवून ठेवलेले ते लेखन. मी ते मोठ्या उत्साहाने हाती घेतले. महारवाड्याचे दारिद्र्य, जत्रा, अंधश्रद्धा, बाबासाहेबांची हाक, हे सगळे मी भरभर वाचले. पण आपल्याच घरातल्या सुनांचे हाल, नवऱ्याने बायकोचे नाक कापण्यापर्यंत गेलेली मजल, हा भाग आला तेव्हा मी पुस्तक पालथे ठेवले. ‘हे बाहेर कशाला सांगायचे?’ असे माझ्या मनात आले. आठ दिवस ते तसेच पालथे होते. माझ्या पत्नीने ते उचलले आणि दोन दिवसांत संपवले. मग माझ्यासमोर ठेवून विचारले, “तुम्ही कुठं थांबलात ते कळलं मला. का थांबलात ते सांगता का?”

प्राध्यापकांच्या खोलीतल्या त्या सहकाऱ्याला मी मनातल्या मनात किती बोल लावले होते! आणि येथे मी त्याच खुर्चीत बसलो होतो. आपल्याला दुखवणारे सत्य आले की पुस्तक मिटणे हा सवर्णांचा मक्ता नाही. ज्याच्याजवळ कोणावर तरी सत्ता आहे त्या प्रत्येकाची ती सवय आहे. मी ते पुस्तक नंतर पुरे केले. ते पुरे करणे हे माझ्या आयुष्यातले फार थोडे खरे वाचन होय.

७

त्या मुलीला मी चाळिसाव्या पानाविषयी विचारले. खूप वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “सर, गावाचं वर्णन छान आहे. पण आपला वाडा येतच नाही. चाळीस पानं वाट पाहिली.”

तिच्या वयाचा असताना अशा कितीतरी कादंबऱ्या मी शेवटच्या पानापर्यंत वाचल्या, परीक्षेत त्यांचे रसग्रहण केले, आणि आपण त्यांत नाही हे माझ्या लक्षातही आले नाही. तिच्या ते चाळीस पानांत लक्षात आले. तिने पुस्तक सोडले होते आणि पुस्तक सुटल्याची शरम वाहत होती. मी तिला एवढेच म्हटले की, हे लिहून ठेव. कदाचित पुढे शंभराव्या पानावर आपला वाडा येतही असेल. तू थांबलीस कोठे आणि का, हे लिहिलेले असले म्हणजे परत येऊन ते तपासता येईल.

त्या दिवसापासून आमच्या देवघेवीच्या वहीत एक रकाना वाढवला आहे, ‘कोठे थांबलात? का?’ पहिली नोंद तिची आहे: ‘पान ४०. गावात पाणवठा आहे, पाणवठ्यावर भांडण आहे, आपण नाही.’ पुढे हळूहळू इतर लिहू लागले. कोणी लिहितो ‘रात्रपाळी लागली’, कोणी ‘इंग्रजी अवघड’, कोणी ‘घरात पाहुणे’, कोणी नुसते ‘पटले नाही’. एकाने बाबासाहेबांच्या रुपयाविषयीच्या ग्रंथापुढे लिहिले आहे, ‘पान ९. सुवर्ण-विनिमय पद्धती म्हणजे काय?’ ही नोंद वाचून आम्ही अर्थशास्त्राच्या एका शिक्षकांना बोलावले. दर रविवारी आता पाच-सहा जण तो ग्रंथ मिळून वाचतात. मीही त्यांत आहे. तो माझाही कधी पुरा झाला नव्हता.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी ही वही आपापल्या ठिकाणी ठेवून पाहावी. तिच्यात दोन प्रकारच्या नोंदी येतील. रॉकेल, नोकरी, भाषा, घरकाम यांनी सुटलेली पुस्तके परत वाचकाच्या हातात देणे हे संघटनेचे काम आहे. त्यासाठी खोली, दिवा, शब्दांचे अर्थ सांगणारा माणूस आणि वेळ लागतो. विचारपूर्वक सोडलेल्या पुस्तकांच्या नोंदी मात्र जपून ठेवाव्यात. पुढे आपल्यातला कोणी समीक्षा लिहायला बसेल तेव्हा त्याला त्या उपयोगी पडतील. आणि तिसरा प्रकार, सत्य टोचले म्हणून पुस्तक मिटल्याचा, तो वहीत कोणी लिहिणार नाही. तेथे घरातल्या माणसांनीच विचारावे लागते.

बाबासाहेबांचे स्वतःचे कितीतरी लेखन अपुरे राहिले. ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ची प्रकरणे तुटक मिळाली, साम्यवादावरच्या ग्रंथाचा आराखडा आणि थोडी पाने मिळाली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पुरा झाला, पण छापलेला पाहायला ते उरले नाहीत. तो १९५७ साली आला. लिहिणाऱ्याला वेळ पुरला नाही, तेथे वाचणाऱ्याला कोठेकोठे पुरला नाही तर त्यात लाज कसली? माझ्या मित्राने दुमडलेला कोपरा मी अजून सरळ केलेला नाही. ते पुस्तक आता वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटात आहे. कोणी घेऊन गेले तर मी एवढेच सांगतो, तो कोपरा तसाच राहू द्या, आणि तुम्ही त्याच्या पुढे जा.